मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर पाणी : भरपूर म्हणजे नेमकं किती?

उभाच_बरा

मंडळी, विषय अवघड जागेचा, म्हणून नेहमीच्या नावाने न येता नवीन आयडी काढलाय. ओळखलंत तरी बोलू नका.

ऑपरेशन होऊन आज पाचवा दिवस. तिसऱ्या ग्रेडची (बाहेर आलेली, हाताने आत ढकलावी लागणारी) मूळव्याध होती, कापून काढली, जखमा उघड्या ठेवल्यात. घरी सोडताना कागदावर तीन सूचना मिळाल्या. गोळ्या वेळेवर घ्या, कोमट पाण्याच्या टबात बसा, भरपूर पाणी प्या. पहिल्या दोन समजल्या. तिसरीने जीव खाल्लाय.

मी रोज साडेचार लिटर पाणी पितोय. अंदाजाने नाही, दीड लिटरच्या तीन बाटल्या सकाळी भरून ठेवतो आणि रात्री झोपायच्या आत संपवतो. रात्री पाच वेळा उठावं लागतं, आणि कुशीवर वळून अंथरुणातून उठणं हा सध्या मोठा कार्यक्रम आहे. लघवी अगदी पाण्यासारखी. आणि एवढं करून काल जे झालं ते खडे! तासभर आत होतो. बाहेर आलो तेव्हा शर्ट पिळता आला असता. थोडं रक्तही गेलं.

एवढं पाणी जातंय कुठे? अजून वाढवू का? उभ्याने टाइप करतोय, चुका पदरात घ्या.

गंमतराव

जातंय कुठे ते तुम्हीच लिहिलंय की. रात्री पाच वेळा.

चौकस

साडेचार लिटर फार होतंय हो. माझ्या वेळी दोन-अडीच सांगितलं होतं. पण त्या वेळी हवा गार होती, घाम नव्हता. तुमचं वजन, घाम, ताप वगैरे काही?

भीमटोला

अजिबात कमी करू नका. मी सहा लिटर प्यायचो. आतड्यातून पाणी धो धो गेलं पाहिजे, म्हणजे आपोआप सगळं वाहून जातं. नळाचं साधं लॉजिक आहे. पाणी जास्त, तुंबणं कमी.

टाकेदुरुस्ती

भीमटोला, नळ आणि आतडं यात फरक आहे. नळ पाणी शोषून घेत नाही.

मी सर्जन आहे, हे ऑपरेशन नेहमी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दिवसभरात लहान आतड्यात साधारण ९ लिटर द्रव येतो. त्यातला २ लिटर आपण खाल्ल्या-प्यायलेला. उरलेला लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव. यातला बहुतेक लहान आतडंच परत शोषून घेतं. मोठ्या आतड्यापर्यंत एक-दीड लिटर पोचतो आणि शौचावाटे बाहेर पडतो फक्त १०० ते २०० मिली. म्हणजे ज्याच्या अंगात पाणी पुरेसं आहे त्याने आणखी दोन लिटर ढोसले तर ते वरच्या वर शोषलं जातं, रक्तात येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. खालपर्यंत पोचतच नाही. उभाच_बरा यांच्या रात्रीच्या पाच फेऱ्या हेच सांगतायत.

याचा अर्थ पाणी नको असा नाही. जो आधीच कमी पितो त्याचं मोठं आतडं मिळेल तो थेंब ओढून घेतं आणि मळ कोरडा होतो. तिथे पाणी वाढवल्याने फरक पडतो. पण पुरेशाच्या वर पाणी ओतून मळ मऊ होत नाही. पाणी खालपर्यंत न्यायला कुणीतरी लागतं. ते काम चोथा (अन्नातला न पचणारा भाग, फायबर) करतो, नाहीतर पाणी धरून ठेवणारं औषध.

तेव्हा उभाच_बरा, तीन प्रश्न. खाताय काय? दुखण्यासाठी गोळी कोणती चालू आहे? मळ मऊ करायचं औषध दिलंय का, आणि ते घेताय का?

जुनं_खोड

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर ही म्हण सगळ्यांनी ऐकली असेल. मी ती जगलोय. माझा जावई खरोखरच डॉक्टर आहे.

त्याला कळवायचंच नाही असं ठरवून परस्पर ऑपरेशन उरकलं. पाठीतून भूल दिली होती, सकाळी सगळं आटोपलं. 'भरपूर पाणी' हे मी आधीच कुठेतरी वाचलेलं, म्हणून खोलीत आणल्या-आणल्या सुरू केलं. सलाईन चालू होतंच. दुपारपर्यंत दीड लिटर सहज पोटात गेलं असेल. संध्याकाळी ओटीपोट टम्म फुगलं आणि लघवीचा थेंब बाहेर येईना. ऑपरेशनच्या जागेपेक्षा ते जास्त दुखत होतं. शेवटी रात्री नळी घालावी लागली आणि घाबरून बायकोने जावयालाच फोन लावला. त्याने पहिलं काय विचारलं असेल? "बाबा, प्रोस्टेटचा त्रास आहे हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं का?" नव्हतं सांगितलं. तेही अवघड जागेतच मोडतं ना.

रात्रपाळी

जुनं_खोड काका, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, कारण याबद्दल कुणी आधी बोलतच नाही. मी वॉर्डात नर्स आहे आणि या ऑपरेशनच्या पहिल्या रात्री आमचं निम्मं लक्ष लघवीकडे असतं.

भुलीने मूत्राशयाच्या नसा काही तास बधिर राहतात. पेशंटला भरल्याची जाणीवच होत नाही. भूल उतरते तसं खाली दुखायला लागतं आणि त्या दुखण्यामुळे सगळे स्नायू आवळले जातात. त्यात वरून सलाईन आणि पाणी चालू असलं की मूत्राशय ताणलं जातं. ४००-५०० मिलीला माणसाला जोराची लागते, इथे त्याच्या दुप्पट साठलं तरी कळत नाही. आणि एकदा फार ताणलं गेलं की ते नीट आकुंचन पावत नाही. म्हणूनच हल्ली या ऑपरेशनला सलाईनही हात आखडून देतात.

त्यामुळे आमच्याकडे पहिल्या काही तासांचा नियम उलटा आहे. तहान भागेल इतकं, घोट घोट. पहिली लघवी नीट झाली की मग नेहमीसारखं पाणी सुरू. सहा-आठ तासांत झाली नाही तर संकोच न करता सांगायचं. घरी सोडल्यावरही हेच, सकाळपर्यंत बघू म्हणून थांबायचं नाही. आणि हो, लघवी अडखळत असेल तर कोमट पाण्याच्या टबात बसून तिथेच करावी. आवळलेले स्नायू सैल पडतात. लाजू नका, पाणी नंतर फेकूनच द्यायचंय.

मिताक्षरी

म्हणजे आधी कमी, मग जास्त, पण फार जास्त नाही. कागदावर एवढं लिहायला काय झालं होतं?

रात्रपाळी

@मिताक्षरी, खरंय. 'भरपूर' हा शब्दच काढून टाकायला हवा.

शंकासूर

चहा-कॉफी पाण्यात धरायची की नाही? कॉफीने अंगातलं पाणी उलट कमी होतं म्हणतात. एक कप घेतला की दोन कप पाणी जादा प्यायचं असं मला सांगितलंय.

चौकस

ही ऐकीव गोष्ट आहे. रोज पिणाऱ्याला दोन-तीन कपांनी काही होत नाही, ते पाण्यातच धरायचं. उलट सकाळी काहीतरी गरम पोटात गेलं की मोठं आतडं हलायला लागतं. खाल्ल्या-प्यायल्यावर जठराकडून तसा निरोप जातो आणि तो सकाळी सगळ्यात जोरकस असतो. मी ऑपरेशननंतर उठल्यावर गरम पेय, मग नाश्ता, मग वीस मिनिटांनी आत, असा क्रम धरला होता. कळ आली की लगेच जायचं, थांबवायचं नाही.

भीमटोला

आणि संध्याकाळची पेयं? (गंभीरपणे विचारतोय.)

टाकेदुरुस्ती

गंभीरपणे उत्तर देतो. दारू नको. ती पाणी बाहेर काढते, दुखण्याच्या जड गोळ्यांबरोबर गुंगी वाढवते, आणि या ऑपरेशननंतर मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक पुष्कळदा दिलेलं असतं, त्याच्याबरोबर तर घेऊच नये.

गंमतराव

भीमटोलांचे सहा लिटर कशाचे होते ते आता कळलं.

भीमटोला

गंमतराव, हलकंच घेतलं आहे. पण मला खरंच फायदा झाला होता हो. खोटं कशाला बोलू?

सावली

माझा अनुभव आईचा आहे आणि वेगळा आहे. तिचं हृदय अशक्त, त्यामुळे तिला दिवसाला दीड लिटरची मर्यादा आहे, औषधाबरोबरचं पाणीसुद्धा त्यातच. मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर भेटायला येणारा प्रत्येक जण "पाणी पाजा, पाणी पाजा" म्हणायचा. मी पण घाबरून चार दिवस पाजलं. पाचव्या दिवशी पायावर सूज, रात्री आडवं झालं की धाप. तपासलं तेव्हा वजन चार दिवसांत अडीच किलोने वाढलेलं.

नंतर तिच्या हृदयाच्या डॉक्टरांनी आणि सर्जननी आपसात बोलून मर्यादा तीच ठेवली आणि मऊ करणाऱ्या औषधाचा डोस बदलून दिला. काम झालं. तेव्हा ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी हे सगळे लिटरचे आकडे वाचून सोडून द्यावेत आणि आपल्या डॉक्टरांना विचारावं. ऑपरेशनच्या आधी विचारावं, आमच्यासारखं सूज आल्यावर नाही.

टाकेदुरुस्ती

सावलीताई, अगदी महत्त्वाचं. यात एक भर. किडनीच्या पेशंटने मॅग्नेशियम असलेली रेचकं मनाने घेऊ नयेत, ते रक्तात साठतं. आणि धडधाकट माणसानेही थोड्या वेळात लिटरच्या लिटर पाणी पिऊ नये. मूत्रपिंडं तासाला जेमतेम एक लिटर बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने प्यायलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, पुढे भ्रम, झटकेसुद्धा.

अर्धा_पेला

डोकेदुखीवरून आठवलं, थोडं अवांतर. मला पाठीतल्या भुलीनंतर दुसऱ्या दिवशी भयंकर डोकं दुखायला लागलं. बसलं की दुखायचं, आडवं झालं की थांबायचं. सगळ्यांनी पाणी कमी पडलं म्हणून पाणी पाजलं. काही उपयोग झाला नाही.

टाकेदुरुस्ती

सुईच्या छिद्रातून मणक्याभोवतीचं पाणी झिरपतं, त्याचं ते दुखणं. पिण्याच्या पाण्याने ते छिद्र बुजत नाही. बहुतेकांचं आपोआप थांबतं, नाही थांबलं तर भूलतज्ज्ञ उपाय करतात. बसल्यावर वाढणारी डोकेदुखी असेल तर त्यांनाच कळवायचं.

उभाच_बरा

बापरे, इतके प्रतिसाद. झोपलो होतो.

डॉक्टरसाहेब, तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं. एक, खाणं. शौचाला झालंच नाही तर दुखणारही नाही असा विचार करून मी जवळजवळ काही खातच नाहीये. गाळलेलं सूप, दूध, दोन-चार बिस्किटं. दोन, गोळी ट्रॅमाडॉलवाली, दिवसाला तीन. रक्त कमी आहे म्हणून लोहाची गोळीही चालू आहे. तीन, एक पातळ औषध आहे, लॅक्टुलोज. रोज घ्यायला सांगितलंय, पण पोटात गुडगुड होते म्हणून 'गरज पडली तर' घेतो. इसबगोल आहे, ते रात्री चमचाभर तोंडात टाकून घोटभर पाण्याने गिळतो.

लिहितानाच लक्षात येतंय की माझं काहीतरी चुकतंय.

गंमतराव

काहीतरी?

रात्रपाळी

दादा, इसबगोल तसं कधीही घेऊ नका! ते पाण्यात फुगून त्याचा लगदा होतो. घोटभर पाण्याने घेतलं तर घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकतं. आणि खाली पोचलं तरी तिथेही कोरडा गोळाच. मोठा पेलाभर पाण्यात, किमान २००-२५० मिली, ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी अर्धा पेला. अगदी झोपताना तर नकोच. तुमचं साडेचार लिटर पाणी दिवसभर एकीकडे आणि इसबगोल रात्री दुसरीकडे. दोघांची गाठच पडली नाही!

चौकस

'गाठ पडली नाही' हे आवडलं. नेमकं तेच झालंय.

टाकेदुरुस्ती

उभाच_बरा, इतक्या प्रामाणिकपणे सांगितलंत हे बरं झालं. ट्रॅमाडॉल आतड्याची चाल मंदावते. मळ जितका वेळ मोठ्या आतड्यात पडून राहतो तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं. लोहाची गोळीही कोठा बांधते. चोथा जवळपास शून्य. आणि भीतीने तुम्ही कळ दाबत असणार. या चारही गोष्टी मळ सुकवणाऱ्या, आणि तुम्ही त्यांच्याविरुद्ध एकटं पाणी उभं केलंत.

उपाशी राहून शौच थांबत नाही. खाल्लं नाही तरी आतड्याच्या झडलेल्या पेशी आणि जिवाणू मिळून मळ बनतोच, फक्त थोडा, उशिरा आणि कडक. मऊ आणि जाडसर मळ सहज सरकतो. भाज्या, फळं, अख्खी धान्यं, कडधान्यं मिळून दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा हे लक्ष्य. पण उद्याच नाही, शून्यावरून एकदम गेलात तर गॅसने पोट फुगेल. चार-सहा दिवसांत वाढवा. लॅक्टुलोज दिलंय तसं रोज घ्या. ते स्वतः शोषलं जात नाही, आतड्यात पाणी धरून ठेवतं. मी वर 'पाणी खालपर्यंत न्यायला कुणीतरी लागतं' म्हटलं ते हेच. परिणामाला एक-दोन दिवस लागतात, म्हणून 'गरज पडली तर' या हिशोबाने त्याचा काही उपयोग नाही. गरज पडेपर्यंत उशीर झालेला असतो.

पाणी दोन-अडीच लिटरवर आणा, सूप, दूध, चहा सगळं धरून. उकाडा, ताप, जुलाब असतील तर वाढवा. लघवी फिकट पिवळी हवी. अगदी पाण्यासारखी असण्याची गरज नाही, गडद झाली तर कमी पडतंय. बी जीवनसत्त्वाची गोळी चालू असेल तर रंग भडक पिवळा येतो, त्यावरून घाबरू नका. बरंचसं पाणी दिवसा संपवा, झोपेच्या दोन तास आधी हात आवरता घ्या.

दुखण्याची गोळी आणि लोह याबद्दल तुमच्या सर्जनना फोन करून विचारा. बदलता येईल, पण मी इथून बदलणार नाही. एक लक्षात ठेवा, पॅरासिटामॉलने कोठा बांधत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या वर्गातलं दिलं तर पाणी फार कमी करू नका, कोरड्या अंगावर त्या गोळ्या किडनीला जड जातात.

आणि रक्त. शौचाच्या वेळी थोडं, कागदाला लागण्याइतकं, चालतं. गाठी पडल्या, थांबेना, चक्कर आली तर थेट दवाखाना. सातव्या ते चौदाव्या दिवसात कधीकधी उशिराचा रक्तस्राव होतो, तुम्ही त्या दिवसांत शिरताय म्हणून सांगतोय.

शंकासूर

पण मग पाण्याचा काहीच पुरावा नाही का? नुसतं चोथ्यानेच भागेल?

टाकेदुरुस्ती

आहे की. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात जुनाट बद्धकोष्ठाच्या ११७ जणांना रोज २५ ग्रॅम चोथ्याचा आहार दिला. एका गटाला पाणी मनाला येईल तसं, ते सरासरी लिटरभर प्यायले. दुसऱ्याला मोजून २ लिटर. फायदा दोघांनाही झाला, २ लिटरवाल्यांना जास्त. ते ऑपरेशनचे पेशंट नव्हते, पण मुद्दा लागू पडतो. चोथा आणि पाणी एकत्र. आणि २ लिटर, ६ नाही.

भीमटोला

घ्या, माझं नाव न घेता टोला. पण आता आठवतंय, मी तेव्हा फळंही टोपलीभर खायचो. श्रेय पाण्याने लाटलं वाटतं.

सैलसर

विरुद्ध टोकाचा अनुभव सांगतो. मी भीतीपोटी रेचक दुप्पट घेतलं. दिवसातून नऊ वेळा पाण्यासारखं. प्रत्येक वेळी आग आग. जखम सतत ओली, कातडी सोलून निघाली, आणि पाणी इतकं गेलं की उठताना अंधारी यायची. तेव्हा मात्र मला साखर-मीठ-पाणी प्यावं लागलं. टूथपेस्टसारखा मळ हवा, त्याहून पातळ नको, असं माझ्या सर्जननी सांगितलं. त्या उपमेनंतर काही दिवस दात घासणं जड गेलं.

टाकेदुरुस्ती

सैलसर, तुमच्या सर्जनच्या म्हणण्याला दुजोरा. जखम भरताना गुदद्वार आक्रसायची शक्यता असते. घडण असलेला मऊ मळ रोज गेला की ते आपोआप रुंद राहतं. सतत पातळ होत राहिलं तर तो फायदा जातो. आणखी एक, कित्येक दिवस काहीच नाही आणि मग अचानक पाणी गळायला लागलं तर जुलाब समजून औषध बंद करू नका. आत खडा अडकून त्याच्या कडेने पाणी येत असू शकतं. तपासून घ्या.

जुनं_खोड

आत फोन नेऊ नका हेही सांगा कुणीतरी. मी अर्धा अर्धा तास बसायचो. जावयाने फोन काढून घेतला आणि पायाखाली स्टूल दिलं. पाच मिनिटांत झालं तर झालं, नाहीतर उठायचं, पुन्हा कळ आली की यायचं. कुंथायचं नाही.

उभाच_बरा

चार दिवसांनी लिहितोय. नववा दिवस.

सर्जनना फोन केला. ट्रॅमाडॉल फक्त रात्रीपुरतं ठेवलं, दिवसा पॅरासिटामॉल. लोह तीन आठवडे थांबवलं. लॅक्टुलोज सकाळ-संध्याकाळ नेमाने. इसबगोल संध्याकाळी सहाला, मोठ्या पेल्यात. पहिले दोन दिवस काही फरक नाही, फक्त पोटात बॅंड वाजत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी कळ आली. घाबरत गेलो. दुखलं, खोटं बोलणार नाही, पण दुखणं चार मिनिटांचं होतं, तासाभराचं नाही. लगेच टबात दहा-पंधरा मिनिटं बसलो. कालही झालं, आजही झालं.

तीन बाटल्यांपैकी एक बायकोने काढून घेतलीये. सूप, दूध, चहा वेगळे, त्यामुळे दुसरीही रोज रिकामी होतेच असं नाही. रात्री एकदाच उठतो.

आता पुढचा प्रश्न. लॅक्टुलोज किती दिवस? सवय लागेल अशी भीती वाटते.

टाकेदुरुस्ती

सवय लागणाऱ्या जातीचं ते नाही. जखम पूर्ण भरायला सहा-आठ आठवडे लागू शकतात. तुमच्या तपासणीच्या तारखेपर्यंत चालू ठेवा, मग त्यांच्या सल्ल्याने थोडं थोडं उतरवा. एक दिवस बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. चोथा आणि पाणी मात्र उतरवायचं नाही.

सैलसर

उतरवताना मापाच्या झाकणाने मोजा, चमच्याने नको. प्रत्येक घरातला चमचा वेगळा. माझे नऊ वेळा तिथूनच सुरू झाले होते.

गंमतराव

उभाच_बरा, आयडी बदलणार की तोच ठेवणार?

उभाच_बरा

अजून दोन आठवडे तोच. उशी आणलीये, पण तिच्यावर विश्वास बसलेला नाही.